सौजन्याची हद्द

सोमवार, ४ मार्च

आज तोंडातून गेलं. गेलं ते गेलंच!

दर सोमवारसारखे फोरमन आले. कारखाना सोडून आठ वर्षं झाली, पण आवाज अजून तिथलाच, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना फोरमन म्हणतात. मी नगरसेविका झाल्यापासून दीड वर्षं एकच पाढा – गटाराचं पाणी घरात शिरतं, आणि मी म्हणजे निर्लज्ज, खुर्चीला चिकटलेली, आयत्या बिळावरचा नागोबा. दीड वर्षं मी हसून ऐकलं. आज रांगेत वीसेक माणसं. सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तरीण होती तेव्हा पोरांना फसवलं, आता मोठ्यांना फसवते!"

बावीस वर्षं शिकवलं मी. तिथंच लागलं.

"मत दिलं नाहीत ना मला? मग माझ्या दारात येऊ नका. चालते व्हा!"

फोरमननी फाईल काखेत मारली. चप्पल घालताना दोनदा पाय चुकला. गेले.

रांगेत कुणीतरी मोबाईल धरून उभं होतं.

मंगळवार, ५ मार्च

सतरा सेकंदांचा व्हिडिओ. त्यांचं बोलणं कापलंय. माझं "चालते व्हा" तेवढं ठेवलंय!

हे म्हणाले, "शिव्या खायला निवडून दिलंय का तुला? माणूस आहेस की पायपुसणं?" बरं वाटलं. पण सासूबाईंनी तीनदा पाहिला. "साडी छान दिसतेय," म्हणाल्या. मग चष्मा काढून – "हात मात्र कसा केलास गं. कुत्र्याला हाकलतात तसा."

बुधवार, ६ मार्च

फोन वाजला की उलटा करून ठेवते.

गुरुवार, ७ मार्च

पक्षाच्या शहराध्यक्षांचं बोलावणं. झापणार असं धरूनच गेले. तर हसले! "बरं केलंत. जरा धाक हवाच. माफीबिफी मागू नका, उद्या दहा जण डोक्यावर बसतील."

बाहेर आले ती आणखीनच घाबरून. ज्याची लाज वाटते त्याचीच शाबासकी!

मतं मागत हिंडले तेव्हा लोकांनी तोंडावर दारं आपटली, तरी हात जोडलेच ना मी? जमलं तेव्हा. गरज माझी होती. पण म्हणून कुणीही काहीही बोलावं? नगरसेविकेनं सोसावं, कबूल. मास्तरीण कुठं निवडणुकीला उभी होती?



सोमवार, ११ मार्च

फोरमन आले नाहीत. सारखी मान दाराकडे. बाकी सगळे फार गोड बोलले. एक बाई नळाची तक्रार घेऊन आली होती – कागद दिसत होता हातात – माझ्याकडे बघून म्हणाली, "काही नाही ताई, सहज आले होते."

मला घाबरली ती! मला!

बुधवार, १३ मार्च

मी फोरमनच्या घरी गेले. ह्यांना न सांगता. ऑफिसातल्या कारकुनाकडून पत्ता घेतला.

कपाट विटांवर, पलंग विटांवर. भिंतीवर वीतभर उंच ओल. फोरमन पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून फरशी पुसत होते. काकू पलंगावर, पायाला बँडेज. त्याच पाण्यात घसरल्या होत्या म्हणे.

"काका, माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं."

"मत नव्हतंच दिलं तुम्हाला. ते खरंय."

"मताचं सोडा. पण माझ्या शिकवण्याला नावं ठेवायला नको होती तुम्ही."

त्यांनी फडकं बादलीत पिळलं. "ते... जरा जास्त झालं."

पलंगावरून काकू – "जरा? आम्ही रोज ऐकतो! सोमवारी तेवढी सुट्टी मिळायची, तीही तुम्ही बंद केलीत!"

मला हसू फुटलं. फोरमन हसले नाहीत. "बत्तीस वर्षं यंत्राशेजारी काढली, बाई. हळू बोललं की कुणाला ऐकू जात नाही, एवढंच शिकलो."

फाईल मागून घेतली. चौदा अर्ज, फोटो, तारखा, सगळं नीट लावलेलं. दीड वर्षं मी त्यांना पाणी विचारत होते, खुर्ची देत होते. फाईल एकदाही उघडली नव्हती. गोड बोलले की काम झालं असं वाटायचं का मला?

शुक्रवार, १५ मार्च

कारकुनानं फाईल नकाशाशी ताडून पाहिली. "ताई, हद्द त्या गल्लीच्या मधून जाते. डावीकडची घरं आपली. हे घर उजवीकडचं – शेजारच्या प्रभागातलं."

म्हणजे त्यांना मला मत देताच येत नव्हतं! फोन केला.

"माहितीये," फोरमन म्हणाले. पहिल्यांदाच इतक्या हळू की फोन कानाला घट्ट दाबावा लागला. "आमचा नगरसेवक दारच उघडत नाही. कुठंतरी जायला हवं ना, बाई."