इनातिमी मावशीने नेलेलं पिंप

प्रिय एबिएरे ताई,

होडीवाल्याकडून तुझा निरोप मिळाला. दिवा भडकून तुझी पोर, आपली प्रेये, गेली, त्याला आज वीस दिवस झाले. रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळलं म्हणून शनिवारच्या बैठकीत इनातिमी मावशीला गावाबाहेर काढणार म्हणे. तिचं दुकान तर पोरांनी आधीच फोडलं.

खारफुटीतल्या चोरट्या भट्टीवर मी काय करतो, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. प्रेयेला सांगितलं होतं. जमिनीतलं काळं, कच्चं तेल मोठ्या टाकीत उकळलं की नळीतून आधी पेट्रोल येतं, मग रॉकेल, शेवटी डिझेल. मोठ्या कारखान्यात याच तेलापासून तिच्या गुलाबी चपला, तिच्या बाबांचं जाळं, तू अंगाला लावतेस ते व्हॅसलीनसुद्धा होतं, असं म्हटल्यावर ती म्हणाली, "मामा, मग आपल्या खाडीतला मासापण त्याचाच असणार. वास तोच येतो की!" तू तेवढंच ऐकलंस आणि हसत तिला टपली मारलीस.

नळीपाशी मीच बसतो. थेंब तळहातावर घ्यायचा. गार लागून उडून गेला तर पेट्रोल, तेलकट राहिला तर रॉकेल. लागोपाठ तीन थेंब तेलकट राहिल्याशिवाय मी पेट्रोलचं पिंप बदलून रॉकेलचं लावत नाही. भट्टीवाला पेरेकेमे हिणवतो, "काय मास्तर, तेल काढताय की पेपर तपासताय?"

गेल्या महिन्यात सैनिकांची बोट येतेय अशी हूल उठली. पेरेकेमे ओरडला, "बदल पिंप, मास्तर! तुझा हात बघत बसलो तर सगळे तुरुंगात जाऊ!" मी एकच थेंब घेतला. तो उडाला. तरी मी पिंप बदललं.

बोट आलीच नाही. ते पिंप वेगळं ठेवायला हवं होतं. पण चूक कबूल केली तर पेरेकेमे हाकलून देईल, या भीतीने मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तेच पिंप रॉकेल म्हणून मावशीने दुकानात नेलं. तिने त्यात काहीही मिसळलं नाही, ताई. आणि प्रेयेला दिवा लावायला सांगितलंस, यात तुझाही दोष नाही.

शनिवारी सकाळच्या होडीने येतोय. पण मी किती भित्रा आहे, ते तुला ठाऊक आहे. धक्क्यावर उतरलो नाही, तर माझ्यासाठी थांबू नकोस. हे पत्र बैठकीत मोठ्याने वाच, आणि वाचताना माझं नाव गाळू नकोस.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
दौब्रा