ओळीतली सातवी जागा

पिओरिया, इलिनॉय
२२ जून १९८६

माननीय बँडमास्तर हॉवलँड यांस,
म्हणजे आमच्या एल्डनला, धाकट्या बहिणीचा नमस्कार. वि. वि.

मी जिवंत आहे, हे आधी आईला सांग. चार रात्री चार शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपले आणि पाठीने अजून तक्रार केलेली नाही. दिवसभर उन्हात सराव, ट्रकच्या मागच्या दारात जेवण, संध्याकाळी स्पर्धेचा कार्यक्रम, की पुन्हा बस. तुझ्या बँडमध्ये पाऊस आला की आपण आत पळायचो. इथे पाऊस त्याचं काम करतो, आम्ही आमचं.

तू विचारलं होतंस, ड्रम कोअरमध्ये असं काय आहे जे बँडमध्ये नाही. खरं तर इथे काय नाही तेच सांगायला हवं. क्लॅरिनेट नाही, बासरी नाही, सॅक्सोफोन नाही. नुसती पितळी बिगुलं, ड्रम आणि निशाणं. फुटबॉलही नाही. तुझा बँड मध्यंतरात वाजायला लागला की अर्धं गाव हॉट डॉगच्या रांगेत जातं. इथे लोक तिकीट काढून आम्हालाच बघायला येतात, आणि आम्ही बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम अख्खा उन्हाळा घासत बसतो. दहा बिगुलवाल्यांच्या ओळीत मला सातवी जागा मिळाली आहे. एकविशी संपली की कोअर कुणाला ठेवत नाही, म्हणजे माझा हा पहिला उन्हाळा आणि हाच शेवटचा.

तुझ्यावर रुसून मी क्लॅरिनेट सोडली असं गावात म्हणतात. ते खरं नाही. तू रुसला आहेस का, ते मात्र कळव.

पुढच्या मुक्कामांचे पत्ते सोबत आहेत. लोभ आहेच, तो आईच्या हातच्या बटाट्याच्या पोळ्यांच्या, लेफ्साच्या रूपाने पाठवावा.
सोल्वी


वाल्डेर, आयोवा
५ जुलै १९८६

चि. सोल्वीस,
अनेक आशीर्वाद आणि त्याहून अनेक लेफ्सा. आईने परवा पहाटेपासून लाटल्या. वाटून खा, नाहीतर बसमध्ये मारामारी होईल.

काल चार जुलैची मिरवणूक पार पडली. बँड अग्निशमनाच्या गाडीमागे होता आणि गाडीवाल्याने मध्येच भोंगा वाजवला, त्यामुळे आमचा ट्रॉम्बोनवाला हॅल्वर चुकला हे कुणाला कळलं नाही. तुमचं कोअर चाळण लावून माणसं घेतं. बँड म्हणजे गावजेवण, येईल त्याचं पान मांडायचं. ज्याला सूर सापडत नाही त्याला मी झांजा देतो, आणि दोन वर्षांनी त्याला तो सापडतो. तुमच्या परीक्षकांच्या कागदावर याचे किती गुण मिळतात ते विचारून ठेव.

शिवाय माझ्याकडे चार राखीव मुलं आहेत. काल बेर्गिटची दाढ दुखत होती. तिने आपल्या रिवाजाप्रमाणे टोपी काढून राखीव मुलीच्या डोक्यावर ठेवली आणि ओळीत खिंडार पडलं नाही. तू सहावीपासून माझ्या हाताखाली हेच शिकलीस.

मी रुसलो नव्हतो. तुझी जागा त्याच आठवड्यात भरली.

आई विचारते आहे, मोजे पुरतात का. प्रकृतीला जपावं, आणि भावालाही अधूनमधून आठवावं.
एल्डन


मन्सी, इंडियाना
१९ जुलै १९८६

प्रिय एल्डन,
या वेळी चेष्टा नाही. गुरुवारी सरावात उलट्या पावलांनी येताना पाय जमिनीत राहणाऱ्या खारीच्या बिळात गेला. हाड मोडलेलं नाही, पण घोट्याचा भोपळा झाला आहे. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पायावर भार द्यायचा नाही. मॅडिसनची शेवटची स्पर्धा चार आठवड्यांवर आहे.

मग आपल्याकडे करतात तेच मी केलं. त्याच संध्याकाळी गणवेशाची घडी घातली, वर टोपी ठेवली आणि सगळं मिसेस ट्रेडवेंच्या हातात दिलं. त्या आमचे कपडेही शिवतात आणि स्वयंपाकाचा ट्रकही सांभाळतात. म्हटलं, हा आता तुमच्याकडे; माझ्या जागी येईल त्याच्या मापाने शिवा, हे वेगळं सांगायची गरज वाटली नाही. त्यांनी गठ्ठा ठेवून घेतला. आता मी ट्रकवर बटाटे सोलते. सरावाच्या वेळी मैदानाकडे पाठ करून बसते, कारण माझ्या जागी कोण उभं आहे ते मला बघवणार नाही.

तीन वर्षं कॉलेजच्या सुट्टीत दुकानात काम करून हा एक उन्हाळा मिळवला होता रे. मला फार वाईट वाटतं आहे. रविवारी, २७ तारखेला सकाळी रॉकफर्डच्या शाळेत ये आणि मला घरी घेऊन जा. आईला पायाबद्दल अर्धंच सांग.

वाट पाहते.
सोल्वी


रॉकफर्ड, इलिनॉय
२७ जुलै १९८६, सकाळ

चि. सोल्वीस,
आशीर्वाद. हे पत्र मिसेस ट्रेडवे तुझ्या हातात देतील तेव्हा मी घरच्या वाटेला लागलेला असेन. मी तुला न्यायला येणार नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

मी कालच आलो, तिकीट काढून वर जाऊन बसलो. तुमची दहाची ओळ पुढे आली आणि माझ्यातला मास्तर लगेच चूक शोधायला लागला. सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये एक अख्खी जागा मोकळी होती. वाटलं, कुणीतरी वाट चुकलं. पण ओळ वळली तरी जागा तेवढीच, तिरकी झाली तरी तेवढीच. जणू तिथे कुणी चालतंच होतं, आणि बाकीचे नऊ जण त्या न दिसणाऱ्या माणसाला धक्का लागणार नाही असे चालत होते. गुण कापले जात असणार, हे मलाही कळत होतं.

कार्यक्रम संपल्यावर ट्रकपाशी गेलो. तू बसमध्ये झोपली होतीस. मिसेस ट्रेडवे म्हणाल्या, कोअरमध्ये राखीव कुणी नसतं. ज्याची जागा त्याची, तो येईपर्यंत ती तशीच चालते. इथल्या पोरांना हे इतकं ठाऊक की तुला सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तुझा गणवेश त्यांनी शिवलेला नाही, नुसती इस्त्री करून टांगला आहे. त्यांना वाटलं होतं, तू तो धुवायला दिलास.

मी गाडीत बसून रडलो, हे तू गावात सांगणार नाहीस. भेटलो असतो तर तू गाडीत बसली असतीस आणि मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून पळतो आहे.

आणि एक. तुझी जागा त्याच आठवड्यात भरली, असं मी लिहिलं होतं. तिथे मुलगी उभी केली हे खरं. जागा भरली हे खोटं. मी अजून सूर जुळवताना तिथेच कान लावतो.

घोटा बर्फात ठेव, आणि मैदानाकडे तोंड करून बस.
एल्डन


मॅडिसन, विस्कॉन्सिन
१८ ऑगस्ट १९८६

प्रिय एल्डन,
साष्टांग नमस्कार घालत नाही, कारण घोटा अजून थोडा कुरकुरतो. बाकी सगळं ठीक आहे. फार फार ठीक आहे.

डॉक्टरांनी आठ तारखेला सोडलं. त्या दिवशी मी ओळीत जाऊन उभी राहिले आणि कुणाला बोटभरही सरकावं लागलं नाही. शेजारची आठव्या जागेवरची डोना पुढे बघत एवढंच म्हणाली की उशीर केलास. मला इतकं हलकं वाटलं की पहिल्या चार मात्रा वाजवायच्याच राहिल्या. इथल्या शेवटच्या स्पर्धेत आम्ही एकोणिसावे आलो. तुम्ही दोघं वर बसला होतात, आईने निळा रुमाल हलवला, तो मला दिसला.

बँड बरा की कोअर बरं, हे भांडण मी मिटवून टाकते. मला इथे जागा राखून ठेवली, त्या जागेवर वाजवायला मात्र तुझ्या गावजेवणातच शिकले. म्हणून तुझ्या त्या राखीव चार पोरांना बाकावर बसवू नकोस, त्यांनाही मैदानात जागा आखून दे.

ऑक्टोबरात जुन्या विद्यार्थ्यांची संध्याकाळ आहे ना, तेव्हा मी क्लॅरिनेट घेऊन येते. माझ्या जागेवर जी मुलगी उभी आहे तिला हलवू नकोस. तिच्या शेजारी दोन पावलं सोड.

लोभ असू दे, आणि तेवढी दोन पावलंही.
सोल्वी