सुजूचा ओला हातमोजा

शॉमबर्ग (शिकागोजवळ), शनिवार, ९ मार्च १९८५

आज माझ्या लेकीच्या, सुजूच्या टीमला आइस हॉकीचा कप मिळालाच असता. शेवटचा गोल तिचाच. मी तर उठून नाचले. आणि ही बया गेली रेफरीकडे, म्हणाली, चकती मी काठीने नाही, हातमोज्याने ढकलली. गोल रद्द. हरलो. वर हिलाच खिलाडूपणाचं बक्षीस!

गाडीत मी भडकले. "कुणी विचारलं होतं तुला?"

ती ओला हातमोजा मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "नोबडी, आई."

झालं. खरं बोल, खरं बोल, असं मीच तिचं डोकं खाते ना? मग राग कसला? तिच्या जागी मी असते तर गप्प बसले असते. म्हणून राग?

हातमोजा हीटरवर वाळत घातलाय. घरभर कुबट वास सुटलाय. सुटू दे.