जुन्या गिऱ्हाइकांना विचारा

६ मार्च, गुरुवार
दवाखान्यात माझ्या जागी आलेली नवी सिस्टर क्वार्टर बघून गेली. मी आत राहत असताना. तिच्या नवऱ्यानं खिडक्यांची मापं घेतली, पडद्यांसाठी. ‘मॅडम, तुम्ही निवांत सोडा हो,’ म्हणाली. डोळे मात्र स्वयंपाकाच्या ओट्यावर. रिटायर झाले जानेवारीत, क्वार्टरची मुदत एप्रिलअखेर. अख्खी नोकरी सरकारी खोल्यांत गेली. एक दार स्वतःचं नाही.
ईटला, माहेरी, भावाला फोन केला. ‘आपा, इधरच आ जाव.’ मागून भावजय काही बोलली नाही. एरवी तिचा आवाज फोनच्या बाहेर येतो. माझ्या तिथल्या खोलीत सोयाबीनची पोती असतात, माहीत आहे मला.

७ मार्च, शुक्र.
ढोकीहून सकाळच्या गाडीनं धाराशिव. एजंटनं घर दाखवलं. हा माणूस दर वाक्याला ‘नो टेन्शन’ म्हणतो. त्याचं नाव लिहायचा कंटाळा, इथून पुढं नो.टें.
गावाबाहेर नवीन प्लॉटिंग. चार-दोनच घरं उठलीयेत. आपलं (बघा, आपलं म्हणायला लागले!) दोन खोल्यांचं, मागं न्हाणी, पुढं ओटा. नो.टें.नं गाडी डांबरीवरून खाली उतरवली आणि पडीक वावरातून नेली. रस्ता कुठाय म्हटलं. ‘नकाशात हाय की सिस्टर. खडी पडली की झालं. नो टेन्शन.’
दार उघडून आत मी एकटीच उभी राहिले थोडा वेळ. कडी आतून लावून बघितली. उगाच.
इसाराची रक्कम ईदनंतर द्यायची ठरली. मी म्हटलं, आधी तुम्ही ज्यांना घरं घेऊन दिली त्यांच्याशी बोलेन. चेहरा जरासुद्धा हलला नाही त्याचा. ‘जुन्या गिऱ्हाइकांना विचारा की!’ लगेच दोन नंबर दिले.

९ मार्च, रवि.
पहिल्या नंबरावर एक गुरुजी. ‘लई सज्जन माणूस. व्यवहार चोख. टेन्शन घ्यायचं कामच न्हाय.’ टेन्शन ऐकलं आणि कान टवकारले. बोलण्याच्या भरात म्हणाले, ‘आमचे दाजी पहिल्यापासून तसेच...’ आणि गप्प.
म्हणजे गुरुजी नो.टें.चे मेव्हणे. बहिणीच्या संसाराला वाईट कोण म्हणेल? मी हसले, मग वाटलं की हे कुणाला तरी सांगावं. सांगायला कुणी नव्हतं.

१२ मार्च, बुध.
दुसरं गिऱ्हाईक महानंदा आक्का. त्याच प्लॉटिंगात राहतात, एकट्या. नवरा गेला, मुलगा हैदराबादला. रिक्षावाल्यानं डांबरीवरच सोडलं, आत यायला तयार नाही. वावरातून चालत गेले.
नो.टें.नं आधीच फोन केलेला, माणूस येणार म्हणून. आक्का ओट्यावर नवी साडी नेसून बसलेल्या. पोहे तयार, कपबश्या मांडलेल्या. रोजा आहे म्हटल्यावर कपाळावर हात मारला. ‘अगं बया! आन् म्या शेंगदाणे भाजून बसलीय.’
एजंट कसा आहे? ‘चांगलाय की. शब्दाचा पक्का.’ घर? ‘हवा लई छान.’ त्रास काही? ‘कसला त्रास.’
मग गुडघे निघाले, मग बी.पी. पिशवीत मशीन असतंच माझ्या, सवय जात नाही. मोजलं. गोळ्या मनानं बंद केलेल्या! ओरडले. ओरडून घ्यायला त्यांना बरं वाटत होतं, हे मला दिसत होतं.
निघते निघते म्हणता संध्याकाळ झाली. अजान इथं ऐकू येत नाही, मोबाईलवर वेळ बघितली. ‘खजूर न्हाय गं घरात. खारीक चालंल का?’ खारीक आणि पाणी. रोजा समोर कुणीतरी असताना सोडला, या वर्षी पहिल्यांदाच.

१६ मार्च, रवि.
परत गेले. बी.पी. बघायचं निमित्त.
‘अजून काय विचारायचं राहिलंय व्हय एजंटाचं?’
‘हो, थोडं.’
काही विचारलं नाही. त्यांनी माहेरचं सांगितलं, मधूनच कानडीत शिरतात. मी उमरग्याकडं नोकरी केलीय, कळतं. कळतं म्हटल्यावर तर आक्का खुर्चीतून उठल्याच. परत येताना गाडीत ठरवून टाकलं, घर घ्यायचं. शेजार असा मिळत असेल तर भिंती कशाही असू देत.

२३ मार्च, रवि.
गेले. बी.पी. उतरलंय. नो.टें.ला सांगितलं की आक्कांनी तुमची फार तारीफ केली. खूश. ‘आक्का आपल्या घरच्यासारख्या हायेत, सिस्टर.’
भांडी कुठं लावायची हे झोपायच्या आधी मनात लावते. अजून लाज वाटत नाही, म्हणजे घराचं वेड बरंच लागलंय.

२८ मार्च, शुक्र.
दुपारी आक्कांचा फोन. ‘सिस्टर, इसार दिला का?’
‘ईद झाली की.’
नुसतं ‘बरं’. ठेवला.
त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. का?

३१ मार्च, सोम. ईद
काल पाडवा, आज ईद. सकाळी शीरखुर्मा केला. एकटीसाठी करता येत नाही, पातेलंभर होतोच. भाऊ म्हणाला होता ये. ‘ये’ म्हणण्याच्याही तऱ्हा असतात. डबा भरला आणि आक्कांकडं.
त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. हसल्या, बोलल्या. एजंटचा विषय नाही. मी चप्पल घातली, तेव्हा चौकटीला धरून उभ्या राहिल्या. पेशंटही असंच करतात. सगळं तपासून होतं आणि उठल्यावर, दाराशी, खरं दुखणं सांगतात.
‘नसीम, ते घर घेऊ नको.’
पहिल्यांदा नाव घेतलं. गावात मला नाव आहे हे कुणाच्या लक्षात नसतं.
रस्ता नाहीच. नकाशातला रस्ता शेजारच्या वावरातून जातो आणि वावरवाला म्हणतो माझं आहे. पडीक असतंय तवर जाऊ देतो. पेरलं की कुंपणाच्या तारा मारतो. मग बांधानं, गुडघाभर चिखलातून. दूधवाला बंद, रिक्षा बंद. ‘पेरल्यावर दिवाळीपस्तोर म्या दाराबाहीर पडत न्हाय बघ.’
मग चांगलं का सांगत होता, आक्का?
‘चांगलं सांगितलं की त्यो माणसं धाडतो. येत्यात, बसत्यात, च्या पित्यात. वाईट सांगितल्यावर कोण येणाराय माझ्याकडं?’
किती जणांना सांगितलं? निळ्या टाकीच्या घराकडं बघितलं फक्त. तिथं एक नवी सून राहते, म्हणाल्या, माझ्याच शब्दावर आलेली. तिचं लेकरू पावसाळ्यात तापलं, झटके आले. नवऱ्यानं खांद्यावर टाकून चिखलातून डांबरीपर्यंत नेलं. वाचलं. ती आता आक्कांशी बोलत नाही.
डबा तिथंच ठेवून निघाले. झटके आलेलं लेकरू किती वेळ थांबतं हे मला माहीत आहे. अंगाची लाही लाही झाली. चहाच्या सोबतीसाठी?

३ एप्रिल, गुरु.
नो.टें.ला नाही म्हटलं. ‘कोण बोललं?’ कुणी नाही, मीच चौकशी केली म्हटलं. गाढवही नाही तो. ‘म्हातारी बोलली व्हय. बरं. आता न्हाय पाठवत तिच्याकडं कुणाला.’ नो टेन्शन म्हणाला नाही या वेळी.
मी म्हटलं, निदान रस्त्याचं तरी सांगत जा लोकांना. फोन कट.

५ एप्रिल, शनि.
राग जात नाही. राग करायलाही धड जमत नाही. मी तरी काय करत होते? दर रविवारी बी.पी.चं मशीन पिशवीत घालून, ‘थोडं विचारायचंय’ म्हणून. मलाही ते घर दिसतच नव्हतं, मला खुर्चीतून उठणारं माणूस दिसत होतं. फरक एवढाच की माझ्या खोट्यानं कुणाचं लेकरू चिखलातून गेलं नाही. हा फरक लहान नाही. पण...

११ एप्रिल, शुक्र.
धाराशिवला भाड्याच्या खोल्या. पहिल्या ठिकाणी मालकीणबाई गोड. ‘एकट्याच का? आणि नाव काय म्हणालात?’ नाव सांगितलं. खोली कालच गेली म्हणे. बाहेर पाटी तशीच. दुसरीकडं म्हणाले, तुमच्याबद्दल सांगणारं कुणी आहे का इथं ओळखीचं? एजंटची चौकशी करत फिरले महिनाभर, आता माझी चौकशी कुणाकडं करायची? ज्या बाळंतपणांना मी होते ती पोरं आता ट्रॅक्टर चालवतात, त्यांना माझा चेहरा कुठला आठवणार. आक्कांचं नाव ओठावर आलं. घेतलं नाही.

१९ एप्रिल, शनि.
आक्कांचा फोन नाही. मीही केला नाही. त्यांच्या गोळ्या संपत आल्या असतील. दोनदा नंबर काढला. त्यांनी मला खरं सांगितलं, कुणी भाग न पाडता, आणि त्याची किंमत त्यांनीच मोजली. सख्ख्या भावानं माझ्या खोलीतल्या पोत्यांचं अजून कबूल केलेलं नाही.
शेवटी नंबर लावला नाही. काय बोलणार? माफ केलं म्हणू? मी कोण? ते त्या निळ्या टाकीवालीनं म्हणायचं.

२७ एप्रिल, रवि.
टेम्पो उद्या सकाळी. सामान ईटला. भावाला म्हटलं, तात्पुरतं. ‘हाँ आपा, तात्पुरतंच.’ फार पटकन म्हणाला. नव्या सिस्टरनं पडदे आणून ठेवलेत, माझ्याच पलंगावर.
दुपारी फोन वाजला. आक्का.
‘इसार दिला न्हाईस नव्हं?’
‘नाही दिला.’
‘बेस झालं.’
गोळ्या घेताय का विचारलं. घेतीया म्हणाल्या. खोटं असावं, श्वास लागत होता. कुणी येतं का? ‘न्हाय. त्यो धाडत न्हाय आता.’ तक्रार नाही आवाजात, नुसतं सांगितलं. मला रडू आलं, ते कळू दिलं नाही.
‘वावर नांगरून ठिवलंय त्यानं. पेरायच्या आधी येकदा येऊन जा.’
‘येईन.’
पेरल्यानंतरचं त्यांनी विचारलं नाही. फोन मात्र कुणीच ठेवत नव्हतं.