शनिवारच्या गाडीचा वारस

मी, ईवेल गॅस्किन्स, वय ७४, लाकूडगिरणीतून निवृत्त, राहणार ब्लॅक रिव्हरकाठ, दक्षिण कॅरोलायना, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करीत आहे, कलम तीन वगळून.

१. घर, मागची जमीन आणि बँकेतील शिल्लक माझी पत्नी नेटी हिला. फ्रिजमधली मोहरीच्या सॉसची बाटली मात्र मी मरेन त्या दिवशीच फेकावी. ती घरात आली माझा मित्र थर्मन क्रिब याच्यामुळे. यादवी युद्धाआधीच्या घोडागाडी-रस्त्यांवरच्या पडक्या सराया आणि धुराडी शोधत मी, नेटी आणि तो असे तिघे दर शनिवारी माझ्या गाडीतून हिंडतो. दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर भाजलेले डुक्कर खातो आणि सॉस कोणत्या गावापासून बदलतो त्याची रेघ नकाशावर मारतो. आमच्या बाजूला मांसावर व्हिनेगर आणि मिरची, बस्स. थर्मन वरच्या भागातला, तिकडे मोहरीचा सॉस. त्याने आमच्याच टपरीवर खिशातून पिवळी बाटली काढून मांसावर ओतली! आचारी सुरा हातात घेऊनच बाहेर आला. मला वाटले, आता याची चांगली जिरणार. पण नेटीने त्यात बोट बुडवून चाखले. "अगं बाई, छान लागतंय की!" माझ्या हातच्या मांसाला चाळीस वर्षांत ती एवढे बोललेली नाही. मी जळलो. अजून जळतो.

२. पडक्या धुराड्यातली वीट, जिच्यावर ती थापणाऱ्या गुलामाच्या बोटांचे ठसे आहेत, बेथेल चर्चला द्यावी. ते धुराडे ज्या मळ्यात आहे त्याच्या पाटीवर एकट्या मालकाचे नाव आहे. विटा पाडणाऱ्यांचे पणतू या चर्चमध्ये बसतात. शिवाय थर्मनचा त्या विटेवर डोळा आहे.

३. गाडी थर्मनला. नेटीला चालवता येत नाही. "मी गेल्यावर शनिवारी जाशील?" असे विचारले तर म्हणाली, "जाणार तर! घरात बसून माझं काय लोणचं घालू?" माझ्या जागेवर तो बसणार, शेजारी ही हसणार.

म्हणून साक्षीदार म्हणून मी मुद्दाम थर्मनलाच बोलावले. साक्षीदाराला लिहून दिलेली वस्तू त्याला मिळत नाही, ही चौकशी मी आधीच केली होती.

पुढचे वकीलबाईंच्या टेबलावर लिहीत आहे. त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवले, "क्रिबसाहेब, सही केलीत तर गाडी हातची जाईल हं."

"जाऊ दे," थर्मन म्हणाला. "ईवेलने आपला माणूस म्हणून बोलावलंय ना मला? कुठे करू सही?"

नेटीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "मग शनिवारी मला कोण रे नेणार, ईवेल?"

मी थर्मनकडून पेन मागून घेतले.

ईवेल गॅस्किन्स (सही)
वकीलबाईंचे कार्यालय, ९ ऑक्टोबर १९८७

साक्षीदार:
१. ड्यूई मॅकचेस्नी, शेजारचा न्हावी (सही)
२. लोरीन पार्लर, टंकलेखिका (सही)

दुसऱ्या जागी आधी थर्मन क्रिबचे नाव होते. ते मी माझ्या हाताने, जळत जळतच, खोडले आहे. गाडी त्याची.