निळ्या दोऱ्याची बाटली

प्रिय भिंगरी,

तुझा राग नाकावर असतो हे तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मला ठाऊक आहे. पण या वेळी त्याने फारच मुक्काम ठोकलाय. बाबांनी फोनवर सांगितलं की घराचं काम काढलंय, बाळाला घेऊन इतक्यात येऊ नका. तू नुसतं बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून खुशाली कळते ती जावईबापूंकडून, आणि ते बिचारे तुझा घुस्सा आणि आमची काळजी यांच्यामध्ये सापडलेत. तेव्हा आधी खरं काय ते सांगते. घराचं कसलंही काम निघालेलं नाही. भिंतीला साधा चुना लागलेला नाही. तरी बाबांवर चिडायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनच केला असता, पण मी फोन उचलला की बाबा शेजारी कान टवकारून बसतात, हे तू जाणतेस.

माझं तसं बरं चाललंय. प्रयोगशाळेत माझ्या खुर्चीचा हात अखेर बदलून मिळाला, सरकारी काम म्हणजे तुझ्या लग्नाआधी केलेला अर्ज तुझ्या बाळंतपणानंतर मंजूर झाला. पण खुर्ची सोडली तर आमच्याकडे कामं वेळेवर होतात बरं का. अजूनही लोक विहिरीचं, बोअरचं पाणी घेऊन येतात. आम्ही बाटल्या फुकट देतो, तरी कुणी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आणतं, कुणी अत्तराच्या. परवा एका आजोबांच्या पाण्याला गुलाबाचा वास येत होता आणि ते शपथेवर सांगत होते की विहीरच तशी आहे. शाळेत तुला बाटलीवालीची पोर म्हणायचे आणि तू रडत घरी यायचीस, आठवतं? आता त्याच बाटल्यांमुळे गावाला कळलंय की ओढ्याच्या बाजूच्या विहिरींत नायट्रेट वाढलंय. वरच्या शेतांत खत एकदम टाकतात, त्यावर भरपूर पाणी सोडतात आणि पिकाने घेतलं नाही ते सगळं खाली झिरपतं. आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी शेतकऱ्यांना गोळा करून खत थोडं थोडं द्यायला शिकवलं, ओढ्याकाठी दाट गवताचा पट्टा लावून घेतला. काही विहिरी सुधारायला लागल्यात. अशा एखाद्या विहिरीचा आकडा खाली आलेला दिसला की दिवसभर मी सगळ्यांशी गोड बोलते, असं बाई म्हणतात.

आपली विहीर मात्र कधी तपासलीच नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मी विषय काढला की बाबा म्हणायचे, हातच्या काकणाला आरसा कशाला, या पाण्यावर माझी पोर वाढली. तू झालीस त्या उन्हाळ्यात त्यांनी आणि तुझ्या काकाने ती खणली. दिवसा दुकानात कपडे शिवायचे आणि संध्याकाळी कुदळ घ्यायचे. पाणी लागलं तेव्हा ओंजळ भरून आधी तुझे पाय ओले केले. त्या विहिरीबद्दल वावगं बोलणं म्हणजे त्यांच्या लेकीबद्दल बोलणं, म्हणून मी गप्प राहायचे.

मग तू कळवलंस की बाळाला वरचं दूध सुरू केलंय, पावडरचं, आणि तुम्ही येताय. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक बाटली आली. आमच्याकडे बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात काही येऊ नये. पण या बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी निळ्या दोऱ्याने बांधली होती आणि गाठ दुहेरी, दात लावल्याशिवाय सुटणार नाही अशी. ती गाठ माझ्या प्रत्येक ब्लाउजच्या आत आहे गं. मी बाटली हातात धरून नुसती बसून राहिले. मग इतर बाटल्यांसारखीच तीही तपासली. नायट्रेट बरंच जास्त निघालं. निकालाच्या कागदावर नेहमीची सूचना मीच लिहिली, की तान्ह्या बाळाच्या दुधासाठी हे पाणी वापरू नये, उकळूनही उपयोग नाही. एवढ्याशा जिवाचं रक्त मग प्राणवायू नीट वाहून नेत नाही, ओठ निळे पडतात.

कागद बाबांना मिळाला आणि त्यांनी तुला तो फोन केला. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांना विचारलं नाही. एका ताटात जेवायचं आणि दोघांच्या तोंडाला कुलूप. काही दिवसांनी पुन्हा निळ्या दोऱ्याची बाटली आली. या वेळी आकडा पहिल्यापेक्षाही वर. मी पुन्हा एकदा तपासून पाहिलं आणि मग लक्षात आलं. त्या दिवशी मुद्दाम लवकर घरी गेले. बाबा दुकान बंद करून गॅससमोर स्टूल टाकून बसले होते. मोठ्या पातेल्यात पाणी खदखदत होतं, आटून निम्मं झालेलं. तान्ह्यासाठी पाणी उकळावं हे आपण जन्मभर ऐकत आलो, मग कागदावर विश्वास कोण ठेवणार? त्यांना वाटलं, आणखी उकळलं की दोष जाईल. पण पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यातच राहतं, उलट दाट होतं. मी गॅस बंद केला. ते एवढंच म्हणाले, मी तिला हेच पाजलं का गं? तुझे बाबा रडलेले मी त्या दिवशी पाहिले. मी त्यांना समजावलं की तेव्हा वरच्या बाजूला नुसता माळ होता, शेती नंतर आली, शिवाय तू अंगावरच प्यायचीस. त्यांना ते पटायला वेळ लागला. मग विचारलं, विहीर पुन्हा बरी होईल का? म्हटलं, आपल्या वरच्या अंगालाही आता गवत लावायला घेतलंय. बाळ शाळेत जायला लागेल तोवर बहुधा होईल, दरवर्षी तपासत राहू. ते म्हणाले, चिठ्ठी मीच बांधीन.

भिंगरी, हे पत्र मी आपल्या मनाने लिहिलेलं नाही. विहिरीचा निकाल मालकाच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायचा नाही असा आमचा नियम आहे, मग ती मालकाची मुलगी का असेना. माझी किती घुसमट झाली ते माझं मला माहीत. काल शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता बाबा म्हणाले, लिही तिला, मला फोनवर बोलायला जमणार नाही. आणि मग म्हणाले, ये म्हणावं. विहिरीचं पाणी आता फक्त धुण्याला आणि झाडांना. आमच्या प्रयोगशाळेच्या फाटकाशी टाकीच्या पाण्याचा नळ आहे, त्याची तपासणी मी स्वतः करते. रोज सकाळी बाबा तिथून कॅन भरून आणतात. बाळ अजून आलं नाही तरी आणतात, सवय हवी म्हणे. कॅनला त्यांनी पिशवी शिवली आहे, तुझ्या पिवळ्या फ्रॉकची, तोच ज्याच्या खिशात तू खडे भरायचीस. खिसा तसाच ठेवलाय. तेव्हा राग सोड आणि ये. आल्यावर पाणी त्यांच्याच हातून माग, आणि घराचं काम कुठवर आलं हे मात्र विचारू नकोस.

तुझीच,
बाटलीवाली आई