तेलात पाहिलेलं तोंड

अक्का,

तुमचा तो पंचांगवाला धडधडीत खोटं बोलला. साडेसातीत सुनेला नोकरी लागायची नाही म्हणे! आज मी भुसावळच्या शाळेत रुजू व्हायला निघाले, तेही शनिवारी.

दर शनिवारी तुम्ही भजनाला म्हणून निघता ते शनीच्या देवळात जाता, हे आत्ता शेजारच्या भिकुबाईनं सांगितलं. ज्याची पीडा त्यानंच तेलात तोंड पाहून ते तेल वाहायचं असतं. मी हसेन म्हणून अकरा शनिवार उपाशीपोटी तुम्हीच तोंड पाहिलंत. वर सुनेचा शनी स्वतःवर घेत तिला म्हणालात, "वहूना शनी मना माथे येऊ दे, मी ते म्हतारी शे."

आता तो पंचांगवाला मिशीवर ताव देईल. देऊ द्या. नोकरी तेलानं नाही लागली. परीक्षेच्या वेळी रोज माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊन तुम्ही मला पुस्तकाकडे पिटाळलंत, म्हणून लागली. हे उपकार मी विसरणार नाही.

कळण्याची भाकर आणि ठेचा झाकून ठेवलाय. आधी खा, मग गुडघ्याला तेल लावा. उरलंय तेवढं तेल तिथंच जिरू द्या.

दुपारच्या गाडीनं परत येते. आल्यावर मला सरळ उत्तर पाहिजे: शनी खरंच तुमच्या माथ्यावर आला असता, तर या घरात मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?

कोकिळा